मॅजिकमधला 'फ्लॅश': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ शिकणाऱ्यांकडून फ्लॅशबद्दल जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, शेवटचे किचकट. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील: कार्ड कधी टाकता येईल, एवढंच फ्लॅश बदलतो. कार्डाचा प्रकार, खर्च आणि पटावर उतरल्यावरचे नियम जसेच्या तसे राहतात.

१. फ्लॅश म्हणजे नेमकं काय?

क्रीचर, आर्टिफॅक्ट, एन्चांटमेंट, प्लेन्सवॉकर आणि सॉर्सरी ही कार्डं एरवी फक्त स्वतःच्या टर्नला, मेन फेजमध्ये, स्टॅक (टाकलेली कार्डं, म्हणजे स्पेल, आणि क्षमता अमलात येईपर्यंत थांबतात ती जागा) रिकामा असतानाच टाकता येतात. कार्डावर फ्लॅश असेल तर हे बंधन उठतं. इन्स्टंट टाकता येईल अशा कुठल्याही वेळी ते कार्ड टाकता येतं: समोरच्याच्या टर्नला, लढाईच्या मधोमध, एखाद्या स्पेलला उत्तर म्हणूनही. ही सवलत आहे, सक्ती नाही. वाटलं तर ते नेहमीसारखं स्वतःच्या मेन फेजमध्येही टाका. फ्लॅश सगळ्यात जास्त निळ्या रंगात दिसतो, पण हिरव्या आणि पांढऱ्यातही भरपूर आहे.

२. "इन्स्टंट टाकता येईल तेव्हा" म्हणजे कधी कधी?

तुमच्याकडे प्रायॉरिटी, म्हणजे काही टाकायची पाळी, असेल तेव्हा. अनटॅप स्टेपमध्ये प्रायॉरिटी कुणालाच मिळत नाही. टर्नच्या अगदी शेवटच्या क्लीनअप स्टेपमध्येही एरवी मिळत नाही. बाकी अपकीप, ड्रॉ स्टेप, दोन्ही मेन फेज, लढाईचे सगळे टप्पे आणि एंड स्टेप या प्रत्येक ठिकाणी दोघांनाही संधी येते.

यातली ड्रॉ स्टेप नवे खेळाडू विसरतात. व्हेंडिलियन क्लीक या ३ मानाच्या (माना म्हणजे लँड आडवं, म्हणजे टॅप, करून मिळणारं खर्चाचं चलन) क्रीचरचं उदाहरण घ्या. ती उतरली की एका खेळाडूचा हात बघून त्यातलं लँड नसलेलं एक कार्ड त्याच्या डेकच्या तळाशी धाडता येतं, आणि त्या बदल्यात तो एक नवं कार्ड उचलतो. ती समोरच्याच्या ड्रॉ स्टेपला टाकली, तर त्याने नुकतंच उचललेलं कार्डही तुमच्या निवडीत येतं, आणि क्रीचर किंवा सॉर्सरी असेल तर ते खेळायची संधी त्याला अजून मिळालेली नसते. तीच मेन फेजमध्ये टाकली तर तोवर त्याने हवं ते खेळून टाकलेलं असतं.

एक अपवाद: स्टॅकवर स्प्लिट सेकंड असलेला स्पेल (उदाहरणार्थ क्रोसन ग्रिप) असेल तर कुणालाच स्पेल टाकता येत नाही, मग फ्लॅश असो वा इन्स्टंट.

३. फ्लॅश असलेला क्रीचर इन्स्टंट धरला जातो का?

नाही. तो क्रीचर स्पेलच असतो. म्हणून एसेन्स स्कॅटर (क्रीचर स्पेल अडवणारं कार्ड) त्याला काउंटर, म्हणजे रद्द, करतो आणि निगेट (क्रीचर नसलेले स्पेल अडवणारं) करू शकत नाही. "इन्स्टंट किंवा सॉर्सरी टाकल्यावर" असं लिहिलेल्या क्षमता त्याच्यामुळे सुरू होत नाहीत. "क्रीचर स्पेल टाकल्यावर" अशा मात्र होतात, समोरच्याच्या टर्नलासुद्धा.

४. फ्लॅशने टाकलं तर माना कमी लागतो का? की जास्त?

कमी नाही, जास्तही नाही. पूर्ण खर्च भरावा लागतो. समोरच्याच्या टर्नला टाकायचं तर तेवढे लँड स्वतःच्या टर्नला अनटॅप ठेवावे लागतात, हीच फ्लॅशची खरी किंमत.

५. अचानक ब्लॉकर उतरवायचा असेल तर नेमक्या कुठल्या क्षणी टाकायचा?

समोरच्याने अटॅकर जाहीर केल्यावर आणि तुम्ही ब्लॉकर जाहीर करण्याआधी, म्हणजे डिक्लेअर अटॅकर्स स्टेपमध्ये. नुकत्याच उतरलेल्या क्रीचरला अटॅक करता येत नाही, पण ब्लॉक करायला आडकाठी नसते.

समजा समोरच्याकडे ५/५ (ताकद ५, टिकाव ५) क्रीचर आहे, तुमचा पट रिकामा आहे आणि दोन लँड उघडे आहेत. तो बिनधास्त अटॅक करतो. आता तुम्ही ॲम्बुश व्हायपर टाकता: २ माना, २/१, फ्लॅश आणि डेथटच (थोडासा घावही क्रीचरला मारतो). मग त्याने ब्लॉक करता. डेथटचमुळे तो ५/५ मरतो, व्हायपरही मरतो. दोन मानाच्या कार्डाने पाच-सहा मानाचं कार्ड गेलं, सौदा उत्तम. दोन गोष्टी मात्र आधी तपासा. अटॅकरला फर्स्ट स्ट्राइक असेल तर व्हायपर आधीच मरेल आणि त्याचा घाव बसणारच नाही. अटॅकर उडणारा असेल तर व्हायपरला ब्लॉकच करता येणार नाही.

चुका दोन प्रकारच्या होतात. पहिली, घाई. लढाई सुरू होताना, म्हणजे बिगिनिंग ऑफ कॉम्बॅटमध्ये व्हायपर टाकला तर समोरचा तो बघतो आणि अटॅकच करत नाही. दुसरी, उशीर. "ब्लॉक नाही" असं एकदा बोलून गेलात की ब्लॉकची वेळ संपली. त्यानंतर उतरलेला क्रीचर नुसता बघत बसतो.

घाई बरोबर ठरते असाही एक प्रकार आहे. पेस्टरमाइट उतरल्यावर एक पर्मनंट (पटावर राहणारं कार्ड) टॅप किंवा अनटॅप करता येतं. समोरच्याचा मोठा क्रीचर अटॅकला येऊच द्यायचा नसेल तर पेस्टरमाइट बिगिनिंग ऑफ कॉम्बॅटमध्येच टाकायला हवा. अटॅक जाहीर झाल्यावर त्या क्रीचरला टॅप करून काही थांबत नाही. तो आधीच अटॅक करतोय.

६. समोरच्याच्या एंड स्टेपला टाकलेला क्रीचर माझ्या टर्नला अटॅक करू शकतो का?

हो, आणि फ्लॅशचा सर्वाधिक वापर याचसाठी होतो. नियम असा की तुमचा टर्न सुरू झाल्यापासून क्रीचर सलग तुमच्या ताब्यात असेल तर तो अटॅक करू शकतो आणि टॅपचं चिन्ह असलेली क्षमता वापरू शकतो. एंड स्टेपला उतरलेला क्रीचर तुमचा टर्न सुरू होताना पटावर असतोच. शिवाय समोरच्याला त्याच्यावर सॉर्सरी टाकायची संधीच मिळालेली नसते.

सापळा आहे तो अपकीपचा. "माझ्या अपकीपला टाकतो, मग अटॅक करतो" हे चालत नाही, कारण तोवर टर्न सुरू झालेला असतो. अनटॅप स्टेपला तर काही टाकताच येत नाही (प्रश्न २). म्हणून शेवटची संधी समोरच्याची एंड स्टेप.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे डिसीव्हर एक्झार्क आणि स्प्लिंटर ट्विन. एक्झार्क ३ मानाचा, १/४, फ्लॅशवाला. उतरल्यावर तो तुमचं एक पर्मनंट अनटॅप करू शकतो. समोरच्याच्या एंड स्टेपला एक्झार्क, मग स्वतःच्या टर्नला त्याच्यावर ४ मानाचा स्प्लिंटर ट्विन. ट्विनमुळे एक्झार्क टॅप करून त्याचीच हेस्टवाली (लगेच अटॅक करू शकणारी) प्रत करता येते, प्रत उतरताना मूळ एक्झार्कला अनटॅप करते, आणि हे हवं तितक्या वेळा चालतं. एक्झार्क आदल्या टर्नला उतरलेला नसेल तर टॅपच करता येत नाही आणि सगळं फसतं. मॉडर्न फॉरमॅटमध्ये (ठरावीक कार्डं चालणाऱ्या एका खेळप्रकारात) २०१६ साली ट्विनवर बंदी आली ती याच जोडीच्या दबदब्यामुळे. २०२४ च्या डिसेंबरात ती उठली.

७. माझ्याच अटॅकच्या मध्ये क्रीचर टाकला तर तोही अटॅकमध्ये सामील होतो का?

नाही. अटॅकर एकदाच, जाहीर करतानाच ठरतात. नंतर उतरलेला क्रीचर पटावर असतो, अटॅकमध्ये नसतो. उतरताना मिळणारा फायदा मात्र घेता येतो. ब्रायरपॅक अल्फा लढाईत टाकून दुसऱ्या क्रीचरला +२/+२ देणं हा रोजचाच डाव.

८. एम्बरक्लीव्ह कधी टाकावा, ब्लॉकच्या आधी की नंतर?

थ्रोन ऑफ एल्ड्रेन (२०१९) मधलं हे इक्विपमेंट एरवी ६ मानाचं, त्यातले २ लाल. तुमच्या प्रत्येक अटॅकरमागे खर्च १ ने उतरतो, पण ते २ लाल माना कधीच सुटत नाहीत. चार अटॅकर असोत की सात, २ लाल लागणारच. उतरल्यावर ते आपोआप तुमच्या एका क्रीचरला लागतं: +१/+१, डबल स्ट्राइक (दोनदा घाव), ट्रॅम्पल (ब्लॉकरला मारून उरलेला घाव खेळाडूला).

बहुतेक वेळा ब्लॉकनंतर टाकणं फायद्याचं, कारण समोरच्याने त्याचा हिशोब न धरता ब्लॉक केलेले असतात. जोखीम अशी की थांबलात आणि मधे त्याने तुमचा एक अटॅकर मारला, तर खर्च १ ने वाढतो. तुमच्याकडे तेवढाच माना असेल तर क्लीव्ह हातातच राहतो. समोरच्याकडे उघडे लँड आहेत आणि तुमचा माना जेमतेम आहे, अशा वेळी अटॅक जाहीर होताच टाका. एकदा खर्च भरला की नंतर अटॅकर मेला तरी वाढीव वसुली होत नाही.

समोर बसणाऱ्यासाठी: क्लीव्ह कुठल्या क्रीचरला लागणार हे तो उतरल्यावर, लागण्याची क्षमता स्टॅकवर जाताना ठरतं. त्या क्षणी तो क्रीचर मारला तर क्लीव्ह कुणालाही न लागता पटावर पडून राहतो. साधी इक्विप क्षमता फक्त स्वतःच्या मेन फेजमध्ये वापरता येत असल्याने ती लढाई तरी टळते.

९. समोरच्याने सगळे क्रीचर मारणारी सॉर्सरी टाकली. मी उत्तर म्हणून फ्लॅश क्रीचर टाकू का?

अजिबात नको. उत्तर म्हणून टाकलेलं कार्ड आधी रिझॉल्व्ह होतं (अमलात येतं). म्हणजे तुमचा क्रीचर आधी उतरेल आणि पाठोपाठ येणाऱ्या सॉर्सरीत बाकीच्यांबरोबर मरेल. सॉर्सरी होऊन जाऊ द्या आणि त्याच्या एंड स्टेपला टाका. त्याने चार-पाच माना खर्चून पट साफ केला, आणि तुमच्या टर्नला तुमचा क्रीचर अटॅकला तयार. साफसफाई करणाऱ्या डेकना फ्लॅश नकोसा होतो तो यामुळेच.

उत्तर म्हणून टाकणं शहाणपणाचं असतं ते क्रीचरच्या क्षमतेमुळे समोरचा स्पेल फसत असेल तेव्हा. समोरच्याने ग्रेव्हयार्डमधून (मेलेल्या आणि वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातून) अक्राळविक्राळ काहीतरी उठवायला रीॲनिमेट टाकलं. ते स्टॅकवर असतानाच तुम्ही कंटेनमेंट प्रीस्ट टाकला, तर टोकन (कार्डाऐवजी खूण म्हणून ठेवलेला) नसलेला आणि स्पेल म्हणून न टाकलेला तो क्रीचर पटावर न येता थेट एक्झाइलमध्ये (खेळाबाहेर) जातो.

१०. फ्रिल्ड मिस्टिकसारखा "उतरल्यावर स्पेल काउंटर करा" क्रीचर साध्या काउंटरस्पेलसारखाच ना?

निकाल बहुधा तोच, वाट वेगळी. आधी क्रीचर स्पेल रिझॉल्व्ह व्हावा लागतो, मग त्याची काउंटर करण्याची क्षमता स्टॅकवर जाते. म्हणजे समोरच्याला अडवायला दोन जागा मिळतात. क्षमता स्टॅकवर गेल्यावर मिस्टिकला मारून उपयोग नाही, ती स्वतंत्रपणे पूर्ण होते. काउंटर न होणाऱ्या स्पेलवर मिस्टिक टाकला तर स्पेल पार पडतोच, पटावर तुमचा एक ३/२ मात्र उरतो.

११. फ्लॅश आणि फ्लॅशबॅक एकच का?

नाही, नावं तेवढी सारखी. फ्लॅशबॅकमुळे ग्रेव्हयार्डमधला इन्स्टंट किंवा सॉर्सरी पुन्हा टाकता येतो. वेळेचा त्याच्याशी संबंध नाही. घोटाळा होतो स्नॅपकास्टर मेजमुळे, कारण त्याच्यावर फ्लॅश आहे आणि उतरल्यावर तो ग्रेव्हयार्डमधल्या एका इन्स्टंट किंवा सॉर्सरीला त्या टर्नपुरता फ्लॅशबॅक देतो. समोरच्याच्या टर्नला स्नॅपकास्टर टाकून सॉर्सरी निवडली तर ती टाकता येणार नाही, कारण सॉर्सरीची वेळ नाही आणि टर्न संपला की फ्लॅशबॅकही गेला. समोरच्याच्या टर्नला इन्स्टंटच निवडा.

१२. समोर बसून खेळताना काय बोलायचं? नंतर वाद होतात.

स्पर्धेच्या नियमांत काही ठरलेली शॉर्टकट आहेत. समोरचा "कॉम्बॅट" म्हणाला की त्याचा अर्थ बिगिनिंग ऑफ कॉम्बॅटमध्ये प्रायॉरिटी तुमच्याकडे आली. "टर्न पास" किंवा "गो" म्हणाला की एंड स्टेपमध्ये प्रायॉरिटी तुमच्याकडे. म्हणून कार्ड टाकताना टप्पा मोठ्याने सांगा: "तुझ्या एंड स्टेपला", "अटॅक जाहीर झाल्यावर, ब्लॉकच्या आधी". आणि "गो" ऐकल्याबरोबर लँड अनटॅप करायला हात घालू नका. एकदा अनटॅप केलं की त्याची एंड स्टेप तुम्ही सोडून दिलीत.

१३. मॅजिक अरेनामध्ये मला टाकायची संधीच मिळाली नाही. बिघाड आहे का?

बहुधा नाही. खेळ लांबू नये म्हणून अरेना (मॅजिकची डिजिटल आवृत्ती) बरेच टप्पे तुम्हाला न विचारता पार करतं. समोरच्याच्या अपकीपला किंवा ड्रॉ स्टेपला काही टाकायचं असेल तर त्या टप्प्याच्या चिन्हावर आधीच क्लिक करून स्टॉप लावा. पीसीवर कंट्रोल की दाबून फुल कंट्रोल चालू करता येतं, मग प्रत्येक प्रायॉरिटीला खेळ थांबतो. सतत चालू ठेवू नका, टाइमर खाल्ला जातो.

आणखी दोन गोष्टी. लँड आपोआप टॅप होतात तेव्हा पुढच्या कार्डासाठी लागणारा रंग खर्ची पडू शकतो. अशा वेळी लँड हाताने टॅप करा. दुसरं, उघडा माना ठेवून तुम्ही एखाद्या टप्प्यावर थबकलात की जाणत्या खेळाडूला लगेच कळतं, हातात काहीतरी आहे. हातात काही नसतानाही अधूनमधून स्टॉप लावा.

१४. फ्लॅशचा डेक बांधायचा तर काय बघायचं?

फ्लॅश कार्डं सुटी दोन-तीन घातली तर फार काही हाती लागत नाही. उघड्या मानाचे दोन-तीन अर्थ निघाले पाहिजेत. २०१९-२० च्या स्टँडर्ड (फक्त अलीकडची कार्डं चालणारा) फॉरमॅटमधला निळा-हिरवा सिमिक फ्लॅश डेक अभ्यासाला चांगला. फ्रिल्ड मिस्टिक ४ मानाचा, नाइटपॅक ॲम्बुशरही ४ मानाचा. चार लँड उघडे ठेवून टर्न दिला. समोरच्याने मोठं काही टाकलं तर मिस्टिकने काउंटर, काहीच नाही टाकलं तर त्याच्या एंड स्टेपला ४/४ ॲम्बुशर. दोन्हीकडून माना वाया जात नाही. वर, तुम्ही स्वतःच्या टर्नला एकही स्पेल टाकला नसेल तर तुमच्या एंड स्टेपला ॲम्बुशर एक २/२ लांडगा देतो. सोबतीला ब्राइनबॉर्न कटथ्रोट होताच, समोरच्याच्या टर्नला प्रत्येक स्पेलमागे वाढणारा.

असे डेक मागे पडल्यावर मात्र अडखळतात. पटावर आधीच तीन-चार क्रीचर येऊन बसले असतील तर "थांबू आणि बघू" परवडत नाही.

१५. फ्लॅशवाल्याविरुद्ध कसं खेळायचं?

त्याला त्याच्या सोयीची वेळ मिळू देऊ नका. मोठं कार्ड पहिल्या मेन फेजला टाकायची सवय सोडा. आधी अटॅक करा. त्याने ब्लॉकर उतरवायला माना खर्च केला की दुसऱ्या मेन फेजला मोठं कार्ड टाका, तेव्हा काउंटर करायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. अटॅक करताना त्याचे उघडे लँड मोजा आणि तेवढ्यात सगळ्यात वाईट काय येऊ शकतं हे ठरवूनच क्रीचर पुढे करा. घाबरून दोन-तीन टर्न नुसतं बसून राहणं मात्र सर्वांत महाग पडतं. दर टर्नच्या शेवटी तो एक क्रीचर उतरवत राहतो आणि तुमचा माना वाया जातो.

कार्डांतून उपाय हवा असेल तर ग्रँड अबॉलिशर (तुमच्या टर्नला समोरच्याचे स्पेल बंद), डोसान द फॉलिंग लीफ (सगळ्यांचे स्पेल फक्त स्वतःच्या टर्नला), आणि अर्थात टेफेरी. तो प्रश्न १८ मध्ये.

१६. द वाँडरिंग एम्परर प्लेन्सवॉकर असून समोरच्याच्या टर्नला कशी चालते?

प्लेन्सवॉकरच्या लॉयल्टी क्षमता फक्त स्वतःच्या मेन फेजमध्ये, स्टॅक रिकामा असताना वापरता येतात आणि फ्लॅशने हा नियम बदलत नाही. दुसरा एखादा प्लेन्सवॉकर व्हेडाल्केन ऑरेरीसारख्या कार्डाच्या जोरावर समोरच्याच्या टर्नला उतरवला तर तो तुमचा टर्न येईपर्यंत नुसता उभा राहतो. एम्परर (कामिगावा: निऑन डायनस्टी, २०२२) वेगळी, कारण तिच्यावर तशी स्वतंत्र ओळ आहे: ती उतरली त्या टर्नपुरत्या तिच्या क्षमता इन्स्टंटच्या वेळी वापरता येतात.

४ माना, ४ लॉयल्टी. नेहमीची वेळ डिक्लेअर अटॅकर्स स्टेप. अटॅकर जाहीर झालेले असल्याने त्या टर्नला तिच्यावर अटॅक होऊ शकत नाही. −२ ने टॅप असलेला क्रीचर एक्झाइल होतो आणि तुम्हाला २ लाइफ मिळतात. पण व्हिजिलन्सवाला अटॅकर टॅप होत नाही, त्याच्यावर −२ चालत नाही. त्याऐवजी −१ ने २/२ सामुराई उतरवून ब्लॉक करा, मात्र ब्लॉकच्या आधी.

एम्परर उतरल्यावर पहिली प्रायॉरिटी ज्याचा टर्न चालू आहे त्याला, म्हणजे समोरच्याला. त्याने लगेच लाइटनिंग बोल्ट मारला तर घाबरू नका. बोल्ट स्टॅकवर असतानाच तुम्ही −२ वापरू शकता. त्या टर्नला क्षमता एकदाच. तुमच्या टर्नला मात्र नेहमीच्या नियमाने पुन्हा एकदा, म्हणजे समोरच्याच्या पुढच्या अटॅकआधी तुम्ही ती दोनदा वापरलेली असते.

१७. "फ्लॅश आहे" आणि "फ्लॅश असल्यासारखं टाकता येईल" यात फरक आहे का?

वेळेपुरता काही नाही. पण फ्लॅश आहे का हे तपासणाऱ्या कार्डांसाठी फरक मोठा. स्लिदरविस्प पटावर असताना फ्लॅश असलेला दुसरा स्पेल टाकला की तुम्ही एक कार्ड उचलता आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी १ लाइफ गमावतो. व्हेडाल्केन ऑरेरी किंवा लेलाइन ऑफ अँटिसिपेशन स्पेल "फ्लॅश असल्यासारखे" टाकू देतात, फ्लॅश देत नाहीत. तसा टाकलेला साधा क्रीचर स्लिदरविस्पला चालत नाही. साधा इन्स्टंटही नाही.

याउलट टेफेरी, मेज ऑफ झाल्फिर पटाबाहेरच्या तुमच्या क्रीचर कार्डांना खरोखरच फ्लॅश देतो. त्याच्यामुळे टाकलेला क्रीचर स्लिदरविस्पला चालतो. कार्डावरचं वाक्य शब्दशः वाचल्याशिवाय इथे निभाव लागत नाही.

१८. समोरच्याकडे टेफेरी आहे आणि माझ्या कार्डावर फ्लॅश आहे. कोण जिंकतं?

टेफेरी. मेज ऑफ झाल्फिर आणि टाइम रॅव्हलर या दोन्ही रूपांत तो प्रतिस्पर्ध्यांना सॉर्सरीच्या वेळीच स्पेल टाकायला लावतो. परवानगी आणि मनाई भिडली की मनाई जिंकते, हा खेळाचा मूलभूत नियम. फ्लॅश कार्डावरून जात नाही, पण निरुपयोगी होतो. टाइम रॅव्हलर २०२० साली स्टँडर्डमधून हद्दपार झाला.

मार आणखी खोलवर बसतो. कॅस्केडने (एक स्पेल टाकल्यावर डेकमधून दुसरा फुकट मिळवून देणारी क्षमता) मिळालेलं कार्ड दुसरी क्षमता रिझॉल्व्ह होत असताना टाकायचं असतं, म्हणजे सॉर्सरीची वेळ नसते. ते टाकता येत नाही आणि डेकच्या तळाशी जातं. सस्पेंडचा (कार्ड एक्झाइलमध्ये ठेवून काही टर्ननंतर फुकट टाकू देणारी क्षमता) शेवटचा काउंटर, म्हणजे मोजणीची खूण, अपकीपला निघतो, तिथेही तेच. कार्ड एक्झाइलमध्येच अडकून पडतं.

१९. हाताशिवाय दुसरीकडून टाकताना फ्लॅश चालतो का? कमांडरचं काय?

ज्या ठिकाणाहून ते कार्ड टाकायची परवानगी आहे तिथून फ्लॅश चालतो. कमांडर फॉरमॅटमध्ये प्रत्येकाचा एक निवडलेला कमांडर कमांड झोन या वेगळ्या जागेत असतो. फ्लॅशवाला कमांडर (उदाहरणार्थ येव्हा) तिथून समोरच्याच्या टर्नला टाकता येतो, तिथून आधी टाकलेल्या प्रत्येक वेळेमागे २ मानाचा वाढीव खर्च मात्र भरावा लागतो. परवानगीतच वेळेची अट असेल तर ती पाळावीच लागते. लुरस हा क्रीचर तुमच्या प्रत्येक टर्नला एकदा ग्रेव्हयार्डमधून २ किंवा कमी मानाचं पर्मनंट टाकू देतो. ते फ्लॅशवालं असेल तर तुमच्या टर्नमध्ये कधीही, पण समोरच्याच्या टर्नला नाही.

कमांडरमध्ये फ्लॅश किती बेफाम होऊ शकतो याचं उदाहरण प्रॉफेट ऑफ क्रुफिक्स. सगळे क्रीचर फ्लॅश असल्यासारखे टाका, आणि इतर प्रत्येक खेळाडूच्या अनटॅप स्टेपला तुमचे लँड आणि क्रीचर अनटॅप. चार जणांच्या डावात म्हणजे एकट्यालाच चार टर्न मिळाल्यासारखं. २०१६ च्या जानेवारीत कमांडरमध्ये त्याच्यावर बंदी आली.

२०. सॉलिट्यूड फुकट टाकता येतो तो फ्लॅशमुळे का?

नाही. फुकट पडतो तो इव्होकमुळे: मानाऐवजी हातातलं एक पांढरं कार्ड एक्झाइल करायचं. समोरच्याच्या टर्नला टाकता येतो तो फ्लॅशमुळे. मॉडर्न होरायझन्स २ (२०२१) मधल्या त्या पाच क्रीचरपैकी सॉलिट्यूड, सटलटी आणि एंड्युरन्स यांच्यावर फ्लॅश आहे. ग्रीफ आणि फ्युरीवर नाही, म्हणून इव्होक केले तरी ते स्वतःच्या मेन फेजमध्येच टाकावे लागतात.

२१. एंड स्टेपला बॉल लाइटनिंग टाकला तर लगेच सॅक्रिफाइस करावा लागतो का?

बॉल लाइटनिंग ६/१, आणि "एंड स्टेपच्या सुरुवातीला सॅक्रिफाइस करा" ही त्याची अट. लेलाइन ऑफ अँटिसिपेशनच्या आधारे तो समोरच्याच्या एंड स्टेपला टाकला तर त्या एंड स्टेपची सुरुवात होऊन गेलेली असते. अट पुढच्या एंड स्टेपला, म्हणजे तुमच्या टर्नच्या शेवटी लागू होते. तोवर तो अटॅक करून मोकळा. हेच तत्त्व उलटही लागतं: एंड स्टेपच्या सुरुवातीला फायदा देणारा तुमचा क्रीचर एंड स्टेपमध्येच उतरवला तर त्या टर्नचा फायदा हुकतो.

२२. जुन्या कार्डांवर फ्लॅश लिहिलेलं नाही, तरी तो धरतात. का?

हा शब्द क्षमतेचं नाव म्हणून टाइम स्पायरल (२००६) पासून आला. त्याआधी पूर्ण वाक्य छापत. १९९७ च्या व्हिजन्समधला किंग चीता हा अशा सुरुवातीच्या क्रीचरपैकी. अशा कार्डांचा अधिकृत मजकूर आता "फ्लॅश" असाच आहे, त्यामुळे जुनी छापील प्रतही तशीच खेळायची.

'फ्लॅश' नावाचं मिराज (१९९६) मधलं निळं इन्स्टंट मात्र वेगळंच. ते हातातला क्रीचर पटावर ठेवू देतं आणि २ पर्यंत सवलतीने त्याचा खर्च भरला नाही तर तो सॅक्रिफाइस करायला लावतं. प्रोटीअन हल्क हा क्रीचर नेमका मेल्यावरच कामाला येत असल्याने या दोघांच्या जोडीने धुमाकूळ घातला. 'फ्लॅश' हे कार्ड लेगसी फॉरमॅटमध्ये २००७ साली आणि कमांडरमध्ये २०२० साली बंद झालं.

२३. लँडला फ्लॅश मिळाला तर समोरच्याच्या टर्नला लँड खेळता येईल का?

प्रश्न येतो ड्रायड आर्बरमुळे, कारण ते लँडही आहे आणि क्रीचरही. टेफेरी, मेज ऑफ झाल्फिरमुळे त्याला फ्लॅश मिळतो. मग मेन फेज आणि रिकामा स्टॅक ही अट सुटते. स्वतःच्या लढाईत किंवा एखाद्या स्पेलला उत्तर म्हणूनही ते खेळता येतं. पण लँड फक्त स्वतःच्या टर्नला आणि टर्नला एकच, या दोन अटी कायम राहतात. ऑरेरी किंवा लेलाइनचा इथे काहीच उपयोग नाही. त्या स्पेलबद्दल बोलतात, आणि लँड कधीच स्पेल म्हणून टाकलं जात नाही.